शहरालगतच्या सव्वा एकरात वनशेती: कोणती झाडे, कोणत्या हिशेबाने?

कऱ्हाकाठ

पुरंदर तालुक्यात, सासवडच्या अलीकडे, आमची वडिलोपार्जित सव्वा एकर जिरायत जमीन आहे. माती हलकी ते मध्यम असून दोन फुटांखाली मुरूम लागतो. सामाईक विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी असते; त्यानंतर पाऊस पडेपर्यंत टँकरशिवाय दुसरा उपाय नाही. मी नोकरीनिमित्त हडपसरला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी दिवे घाट चढून शेतावर जातो. एरवी चुलते लक्ष ठेवतात, परंतु त्यांचे वय झाले आहे आणि बाजरी-ज्वारीच्या काढणीला वेळेवर मजूर मिळत नाहीत.

पश्चिमेच्या शेताचे प्लॉटिंग झाले असून आमच्या बांधाला लागून भिंत उभी राहिली आहे. विमानतळासाठी निश्चित झालेल्या गावांत आमचे गाव नाही, तरीही दर दोन-चार महिन्यांनी कोणी ना कोणी जमिनीचा भाव विचारून जातो. आम्हाला ती विकायची नाही. परंतु पुढच्या दहा वर्षांत रस्ता, हद्दवाढ किंवा घरातील वाटणी यांपैकी काहीच होणार नाही, असेही छातीठोकपणे सांगता येत नाही.

जमीन पडीक ठेवण्यापेक्षा तिथे वनशेती करावी, असा विचार आहे. माझ्या अपेक्षा तीनच आहेत. झाडांना रोजची देखभाल लागू नये, चौथ्या-पाचव्या वर्षापासून थोडेफार वार्षिक उत्पन्न मिळावे आणि पुढे जमिनीचे काहीही झाले तरी ही झाडे आमच्या गळ्यातील लोढणे होऊ नयेत. चंदन, मिलिया डुबिया, महोगनी आणि बांबू या चारही नावांची शिफारस मला वेगवेगळ्या लोकांनी केली आहे. अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

फळबागायतदार

तुमची जमीन पुरंदरात आहे, विहीर फेब्रुवारीत आटते आणि मालक आठवड्यातून एकदाच येतो, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तर उत्तर सीताफळ हेच येते. याचे कारण केवळ तालुक्याची प्रसिद्धी हे नाही. सीताफळाचे झाड उन्हाळ्याच्या तोंडाशी पानगळ करून विश्रांती घेते आणि पावसाबरोबर फुटते. म्हणजे तुमची विहीर कोरडी पडते नेमक्या त्याच काळात मोठ्या झाडाची पाण्याची मागणी सर्वांत कमी असते. पाणी असलेले शेतकरी लवकर ताण तोडून, म्हणजे विश्रांतीतल्या झाडाला पाणी देऊन, उन्हाळी बहार धरतात आणि त्यांना भावही चांगला मिळतो, परंतु तुम्ही त्या वाटेला जाऊ नये. पावसावर येणारा बहार सप्टेंबरपासून दिवाळीच्या पुढेपर्यंत निघतो, तो तुमच्यासाठी पुरेसा आहे. शिवाय शेळ्या-गुरे सीताफळाचा पाला खात नाहीत. मोकाट जनावरांचा त्रास गावापेक्षा शहराच्या कडेला अधिक असतो, त्यामुळे हा गुण लहान समजू नये.

पाच बाय पाच मीटर अंतराने, बांधाची जागा सोडून, तुमच्या क्षेत्रात साधारण १७० ते १८० झाडे बसतील. बाळानगर ही जुनी आणि खात्रीची जात आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले पुरंदर ही जात तुमच्याच तालुक्यातील जाधववाडीच्या अंजीर व सीताफळ संशोधन केंद्रात विकसित झाली आहे. रोपे घेण्याआधी त्या केंद्रावर जाऊन झाडे प्रत्यक्ष पाहावीत, कारण तिथली माती आणि पाऊस तुमच्याशी जुळणारा आहे. अंजिराचा मात्र मोह धरू नका. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, चवीबद्दल प्रश्नच नाही. पण त्याला बहारात पाणी लागते, तांबेरा रोग येतो आणि तोडणी रोजच्या रोज करावी लागते. सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या माणसाचे ते झाड नव्हे.

सीताफळाची तोडणीही अगदी निवांत नसते, हे आधीच सांगतो. फळाचे डोळे उघडू लागले, म्हणजे दोन खवल्यांमधली खाच रुंद होऊन तिच्यात पिवळसर पांढरी रेषा दिसू लागली, की ते तोडायचे. त्यानंतर दोन-तीन दिवसांत ते मऊ पडते. हंगामात एक दिवसाआड कोणीतरी बागेत फिरलेच पाहिजे. सासवडच्या बाजारात पहाटे माल जातो आणि फळ उकललेले असेल तर भाव तिथेच पडतो. हे दीड-दोन महिने चुलत्यांच्या मदतीला एक माणूस ठरवून ठेवा. उरलेल्या वर्षात छाटणी, खत आणि पिठ्या ढेकणावर नजर एवढेच काम राहते. या किडीला मुंग्या झाडावर वाहून नेतात, म्हणून खोडाला चिकट पट्टी बांधली की निम्मा प्रश्न सुटतो.

सीताफळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळावर येईपर्यंत दोन ओळींच्या मध्ये शेवगा घ्यावा. पीकेएम-१ ही जात लागवडीनंतर सहा-आठ महिन्यांत शेंगा देऊ लागते. दरवर्षी तो मीटरभर उंचीवर छाटायचा आणि सीताफळाचा घेर वाढला की काढून टाकायचा. पावसाळ्यात ओळींमधल्या मोकळ्या जागेत पावटा, घेवडा किंवा हुलगा पेरला तर तण आटोक्यात राहते आणि जमिनीला नत्रही मिळते.

नोंदवही

वरील प्रतिसाद बागेच्या बाजूने योग्यच आहे. परंतु प्रश्नकर्त्याची तिसरी अपेक्षा कायद्याशी निगडित असून शहरालगतच्या जमिनीत तिचा विचार सर्वांत आधी करावा लागतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ग्रामीण भागात खासगी जमिनीवरील वृक्षतोडीस महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ, अंजन, बीजा, हळदू, तिवस आणि खारफुटी ही झाडे आहेत. ही झाडे स्वतःच्या शेतात, स्वतः लावलेली असली तरी ती तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. सीताफळ, शेवगा, गिरिपुष्प किंवा सुबाभूळ यांचा त्या यादीत समावेश नाही. बांबूच्या बाबतीत, २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर वाढवलेल्या बांबूला भारतीय वन अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळण्यात आले आहे.

आता हद्दवाढीचा मुद्दा. गाव महानगरपालिकेत किंवा नगरपरिषदेत समाविष्ट झाले की नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा अधिनियम लागू होतो आणि त्यात निवडक जातींची यादी नसते. कोणतेही झाड तोडायचे तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठी छाटणीसुद्धा परवानगीनेच करण्याची पद्धत आहे. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे घेतली गेली. लागवड करताना जे शेत ग्रामपंचायतीच्या हद्दीत होते, ते झाडे परिपक्व होईपर्यंत महापालिकेत गेलेले असू शकते. ज्या झाडाचे सगळे उत्पन्न एकदाच, पंधरा-वीस वर्षांनी, ते तोडल्यावर मिळणार आहे, त्या झाडावर या बदलाचा परिणाम सर्वाधिक होतो; ज्याचे फळ, पाला किंवा शेंग दरवर्षी निघते, त्यावर तो जवळजवळ होत नाही. माझ्या मते शहरालगतच्या अल्पभूधारकाने याच एका कसोटीवर झाडांची निवड करावी.

दुसरी बाब नोंदीची. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवू शकतो. तिथे फळझाडे आणि बांधावरची झाडेही नोंदवता येतात. दर हंगामात छायाचित्रासह ही नोंद करा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार जमिनीवरील झाडांचे मूल्य कृषी, वनीकरण वा फळबागेतील जाणकारांकडून स्वतंत्रपणे काढले जाते आणि तेव्हा सातबाऱ्यावरची सलग वर्षांची नोंद उपयोगी पडते. भूसंपादनाच्या अधिसूचनेची कुणकुण लागल्यावर वाढीव मोबदल्यासाठी फूट-दीड फुटावर रोपे टोचून ठेवण्याचा जो उद्योग काही ठिकाणी चालतो, तो संयुक्त मोजणीच्या वेळी उघडा पडतो आणि खऱ्या बागायतदारांच्या नोंदींकडेही संशयाने पाहिले जाते.

विक्रीची वेळ आलीच तर आणखी एक गोष्ट माहीत असावी. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून हवाई अंतराने आठ किलोमीटरच्या आतील शेतजमीन आयकरासाठी भांडवली मालमत्ता धरली जाते, म्हणजे तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर येतो. मात्र विक्रीपूर्वीची दोन वर्षे ती शेतीसाठी वापरली असेल आणि पुढील दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर सवलत मिळू शकते. तिथेही पीक पाहणीची नोंद हाच पुरावा असतो. तुमचे अंतर नेमके किती भरते, ते करसल्लागाराकडून तपासून घ्या.

कऱ्हाकाठ

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभारी आहे. कायद्याची ही बाजू मला कोणीच सांगितली नव्हती. तरीही चंदन आणि बांबूबद्दल स्पष्ट मत हवे आहे, कारण एका रोपविक्रेत्याने चंदनाची रोपे आणि ‘माल आम्हीच परत घेऊ’ असा करार, दोन्ही देऊ केले आहे. शिवाय बांधावर काय लावावे, हाही प्रश्न उरतोच. उत्तरेकडच्या शेजाऱ्यांशी आमचे संबंध चांगले आहेत आणि ते तसेच राहावेत, अशी इच्छा आहे.

बांधावरून

कृषी खात्यात सहायक म्हणून नोकरीची बरीच वर्षे अशाच बांधांवर गेली, म्हणून लिहितो.

चंदन हे अर्धपरोपजीवी झाड आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून अन्नाचा काही भाग घेतात, त्यामुळे रोपाशेजारी तूर आणि पुढे दीर्घायुषी यजमान झाड कायम ठेवावे लागते. तेल असते ते गाभ्यात, आणि व्यापारी किमतीचा गाभा भरायला पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तोपर्यंत त्याची राखण कोण करणार? गाभा तयार झाल्याचे मालकाच्या आधी चोराला कळते, असे आमच्याकडे म्हणतात, आणि ज्या शेतात रात्री माणूस नसतो तिथे ही थट्टा राहत नाही. करार देणाऱ्याला एवढेच विचारा की पंधराव्या वर्षी तुमचे दुकान कुठे असेल. महोगनीच्या बाबतीतही जाहिरातीतले आकडे आणि इथल्या लाकडाच्या वखारीत मिळणारा भाव यांचा मेळ बसत नाही. मिलिया डुबिया वेगाने वाढतो, सहा ते आठ वर्षांत प्लायवुडच्या कामाला येतो, हे खरे आहे. पण तो सरळ आणि जाड वाढायला खोल माती आणि बारमाही ओल लागते. दोन फुटांखाली मुरूम असलेल्या जिरायत रानात तो काठीसारखा उभा राहतो. शिवाय सव्वा एकरातील माल थोडाच असतो आणि वाहतूक मात्र पूर्ण गाडीची द्यावी लागते.

बांबूबद्दल माझे मत वेगळे आहे. मुळशी, वेल्हे, भोर या पावसाच्या पट्ट्यात कोणी विचारले असते तर माणगा बांबू मी पहिल्या क्रमांकावर ठेवला असता, कारण तो बिनकाट्यांचा, तळाशी भरीव असतो आणि चौथ्या-पाचव्या वर्षापासून दरवर्षी काठ्या देतो. पुरंदरच्या पावसावर पूर्ण शेत बांबूखाली घालू नये. मात्र पश्चिमेच्या भिंतीकडे, भिंतीपासून चार-पाच मीटर आत, मानवेल बांबूची एक ओळ लावण्यास हरकत नाही. तो कोरड्या हवामानात टिकतो, उन्हाळी वारा अडवतो आणि प्लॉटमधून उडत येणारे प्लास्टिक तिथेच अडकते. घरच्या मांडवाला आणि शेवग्याच्या आधाराला काठ्या मिळतील, त्यापेक्षा अधिक अपेक्षा धरू नये.

आता सावलीचे गणित, कारण बांधावरचे भांडण बहुधा तिथूनच सुरू होते. आपल्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंश वर असतो आणि दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे दहा मीटर उंच झाडाची सावली दुपारी बारालाही नऊ मीटर उत्तरेकडे पडते आणि सकाळ-संध्याकाळ ती याहून लांब जाते. तुमच्या उत्तर बांधावर उंच झाडे लावली तर तुमचे शेत मोकळे राहील, पण शेजाऱ्याच्या रब्बी ज्वारीचे पहिले पंचवीस-तीस फूट सावलीत जातील. संबंध टिकवायचे असतील तर त्या बांधावर करवंदाचे कुंपण आणि त्याच्या आत गिरिपुष्प, एवढेच ठेवा. करवंद काटेरी, कमी पाण्याचे, आणि लोणच्यासाठी हिरव्या फळालाही गिऱ्हाईक आहे.

गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, मीटरभर अंतरावर लावून दुसऱ्या वर्षापासून कंबरेच्या उंचीवर छाटत राहावी. पाला नत्रयुक्त असतो. पावसाळ्याच्या आरंभी आणि पुन्हा श्रावण-भाद्रपदात छाटून सीताफळाच्या आळ्यात पसरला की शेणखताचा बराच खर्च वाचतो. शहरालगत शेणखताच्या ट्रॉलीचा भाव पाहता ही बाब मला लाकडाच्या लाखांच्या गोष्टींपेक्षा महत्त्वाची वाटते.

फळझाडे मधोमध आणि सरपण, पाला, कुंपण यांची झाडे कडेने, ही रचना नवी नाही. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बायफ संस्थेने १९८२ पासून गुजरातेतील वांसदा भागात आदिवासी शेतकऱ्यांबरोबर ‘वाडी’ याच तत्त्वावर उभी केली आणि पुढे नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने तीच पद्धत देशभरातील आदिवासी भागांत नेली. फरक इतकाच की वाडीतले कुटुंब शेतावर राहते आणि तुम्ही हडपसरला राहता. त्यामुळे त्यांच्याइतकी विविधता तुम्ही अंगावर घेऊ नये.

मंडईवाला

सर्वांचा आदर राखून थोडा विरोध नोंदवतो. शहर वीस-पंचवीस किलोमीटरवर असणे ही अडचण समजूनच वरची सगळी चर्चा चालली आहे. वास्तविक तेच तुमचे सर्वांत मोठे भांडवल आहे. दूरच्या गावातल्या शेतकऱ्याला जे विकता येत नाही, ते तुम्ही विकू शकता. कढीपत्त्याची पंधरा-वीस झाडे सावलीच्या कडेला असतील तर मंडईत तो बारा महिने खपतो, फक्त थंडीत त्याची वाढ मंदावते. श्रावणात बेलाची पाने, दसऱ्याला आपटा, पाडव्याला कडुनिंबाचे डहाळे, या सगळ्याला पुण्यात एका दिवसात गिऱ्हाईक मिळते आणि हा माल डोंगरावरची झाडे ओरबाडून आणला जातो. बेल, आपटा आणि कडुनिंब यांची मिळून आठ-दहा झाडे दक्षिण आणि पूर्व कोपऱ्यांत लावा. यावर घर चालणार नाही हे मान्य आहे. पण टँकरचा खर्च निघाला तरी पुष्कळ झाले.

शेवग्याबद्दलही सावध करतो. शेंगेचा भाव एका हंगामात डोक्यावर चढतो आणि लावणी वाढली की पुढच्याच वर्षी तोडणीची मजुरीही सुटत नाही. तो खर्चाचा आधार म्हणून ठीक आहे, त्यावर हिशेब बांधू नका.

फळबागायतदार

शेवग्याच्या भावाबाबत मंडईवाला यांच्याशी सहमत आहे, म्हणूनच तो तात्पुरता ठेवायला सांगितला होता. आपट्याची रोपे घेताना मात्र रोपवाटिकेत कांचन गळ्यात मारला जात नाही ना, हे पाहावे; दोन्हींच्या पानांचा आकार सारखा असला तरी आपट्याचे पान लहान आणि जाड असते.

टँकरचा विषय निघाला आहे तर त्याचा आकडाही मांडतो. पहिले दोन उन्हाळे रोपे जगवणे हीच खरी परीक्षा आहे. प्रत्येक रोपाला आठवड्याला दहा लिटर धरले तर १८० रोपांना १,८०० लिटर लागतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सोळा-सतरा आठवडे होतात, म्हणजे तीस हजार लिटरच्या आसपास, पाच हजार लिटरचे सहा टँकर. उंच ओट्यावर एक टाकी आणि तिथून ठिबकच्या नळ्या एवढी सोय असेल तर सुट्टीच्या दिवशी तुम्ही एकट्यानेही हे काम कराल. आळ्यात पाचट किंवा बाजरीच्या सरमाडाचे आच्छादन जाड घातले तर पाणी आणखी पुरते. फक्त जानेवारीनंतर भिंतीच्या बाजूने दहा फुटांचा पट्टा गवत काढून साफ ठेवा. प्लॉटमध्ये पेटवलेला कचरा वाळल्या गवतातून आला तर हेच आच्छादन झाडांसकट जाते.

अनुदान हवे असेल तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना पाहावी. ती २०१८ पासून सुरू आहे, त्यात सीताफळाच्या कलमांचा समावेश आहे, आणि रक्कम तीन वर्षांत, झाडे जगल्याची पाहणी करून, टप्प्याटप्प्याने मिळते. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा असतो. सातबारा सामाईक असल्यास इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते, आणि तुमच्या बाबतीत माझ्या अंदाजाने सर्वांत जास्त वेळ याच कागदाला लागेल. अनुदान घ्यायचे असेल तर मंजुरीपूर्वी खड्डे खणून ठेवायला हरकत नाही असे समजू नका. पूर्वसंमतीआधी केलेले काम अनुदानात धरले जात नाही.

कऱ्हाकाठ

संमतीपत्राचा अंदाज अचूक आहे. तीन आत्या आणि दोन चुलते यांच्या सह्या जमवायच्या आहेत. चंदनाचा विचार सोडला आहे. सीताफळ मुख्य, शेवगा तात्पुरता, उत्तरेला करवंद व गिरिपुष्प आणि पश्चिमेला मानवेल असा आराखडा कागदावर काढला असून तो चुलत्यांना दाखवणार आहे. कलमे कधी आणि कशी पाहून घ्यावीत, एवढे शेवटचे विचारतो.

बांधावरून

पूर्वसंमती आली की एप्रिल-मे महिन्यात दीड ते दोन फुटांचे खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत आणि पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर लागवड करावी. कलमे विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतूनच घ्यावीत आणि पक्की पावती जपून ठेवावी, कारण अनुदानाच्या वेळी ती मागतात. कलमाचा जोड पूर्ण भरून आलेला असावा, जोडाखालून फुटवे आलेले नसावेत आणि पिशवीच्या तळातून मुळे गुंडाळून बाहेर आलेली नसावीत. उंच रोपापेक्षा पेन्सिलीच्या जाडीचे बुटके कलम केव्हाही चांगले. मागणी मात्र आत्ताच नोंदवा. जूनमध्ये पाऊस पडल्यावर रोपवाटिकेत गेलात, तर इतरांनी बाजूला काढून ठेवलेली रोपेच तुमच्या वाट्याला येतील.